रेघ अलिबागवरून गेली म्हणून आपण सुटत नाही: वादळाच्या इशाऱ्याचं चित्र कसं करावं

२ जून २०२० च्या संध्याकाळी आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एक नकाशा टाकला. दापोली तालुक्यात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पूजेची आमंत्रणं असं सगळं करते. टाळेबंदीत ते बंद होतं आणि हात शिवशिवत होते. हवामान विभागाचा इंग्रजी नकाशा घेतला, त्यावरची वादळाची रेघ जाड लाल केली, शेवटी भोवऱ्याचं चिन्ह काढलं आणि बाजूला मोठ्या अक्षरात ‘अलिबाग’ लिहिलं. चित्र देखणं झालं, दीडशे जणांनी पुढे पाठवलं.

शेजारच्या काकांनी ते पाहून म्हटलं, “अलिबागला जातंय होय, मग आपण मोकळे.” अलिबाग इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर उत्तरेला. काकांनी पत्रे बांधले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा, मधूनच त्याहून जोराचे झोत. काकांचे पत्रे गेले, सुपारीची बाग झोपली. माझ्या नकाशात खोटं काहीच नव्हतं, तरी त्यातून चुकीची समजूत झाली.

तेव्हापासून मी हे काम नीट शिकायला घेतलं. पुढच्या वर्षी तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी थोडं बरं जमलं. तुम्ही ग्रामपंचायतीत असाल, शाळेत असाल, मच्छीमार सोसायटीत असाल किंवा ग्रुपचे अॅडमिन म्हणून हे काम गळ्यात पडलं असेल, तर माझ्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी जमवायचं सामान

- हवामान विभागाचं ताजं बुलेटिन. चक्रीवादळाचं मूळ बुलेटिन दिल्लीच्या प्रादेशिक केंद्राकडून निघतं, आपल्या किनाऱ्याचं मुंबईच्या केंद्राकडून. ‘मौसम’ अॅपवर जिल्ह्याचे रंग दिसतात.
- लाटा आणि उधाणासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेची माहिती.
- ‘सचेत’ अॅप. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं आहे, अधिकृत इशारे त्यावर येतात.
- जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या सीमा असलेला कोरा नकाशा. देशाची सीमा दिसणार असेल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. गूगलवर सापडलेला परदेशी नकाशा वापरून उगाच अंगावर ओढवून घेऊ नका. खरं तर देश दाखवायची गरजच नसते.
- नकाशासाठी क्यूजीआयएस आणि चित्रासाठी इंकस्केप ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. जमत नसेल तर कॅनव्हावरही होतं.
- युनिकोड देवनागरी फाँट. मी ‘मुक्त’ वापरते, ‘नोटो सान्स देवनागरी’ही चालतो.
- आपल्या गावाचं भरती-ओहोटीचं कोष्टक.
- समुद्राजवळ राहणारं, नकाशे न वाचणारं एक माणूस. याचं काम शेवटी येईल.

१. आधी मर्यादा ओळखा: आपण अंदाज करत नाही

आपलं काम अधिकृत इशारा समजेल असा मांडायचं. त्यात आपला अंदाज मिसळायचा नाही. ‘मला वाटतं जरा दक्षिणेला सरकेल’ हे चहाच्या टपरीवर बोलायला ठीक आहे, चित्रात नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ५४ प्रमाणे आपत्तीचा खोटा इशारा देऊन किंवा फिरवून घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे घाबरवायला सांगत नाही, पण ग्रुपवर रात्री अकराला कुणी ‘हे टाक ना पटकन’ म्हणालं की मला हे कलम आठवतं.

विंडीसारख्या अॅपवरचे रंगीत वारे म्हणजे एखाद्या संगणकीय प्रारूपाचं गणित. युरोपचं प्रारूप एक सांगतं, अमेरिकेचं दुसरं. ते इशारे नव्हेत. रडारच्या चित्रातला लाल आणि इशाऱ्यातला लाल यांचाही संबंध नाही. रडारवर लाल म्हणजे तिथे आत्ता जोराचा पाऊस आहे, एवढंच. उपग्रहाच्या रंगीत चित्रात लाल बहुधा उंच, थंड ढगांचे माथे दाखवतो. हे तिन्ही लाल एकाच ग्रुपवर एकापाठोपाठ आले की लोकांचं काय होत असेल ते बघा.

आणखी एक सापळा. परदेशी संकेतस्थळावरचा वाऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसतो. आपला हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो, अमेरिकी नौदलाचं केंद्र एका मिनिटाची. वादळ तेच असतं, मोजपट्टी वेगळी. दोन ठिकाणचे आकडे एका चित्रात कधी घालू नका, नाहीतर ‘सरकार लपवतंय’ हा मेसेज अर्ध्या तासात येतोच.

२. एका चित्रात एकच माणूस

बागायतदार, नाखवा आणि मुंबईहून ‘आईला कुठे हलवू’ विचारणारा मुलगा, या तिघांना एकच नकाशा पुरत नाही. नाखव्याला अक्षांश-रेखांश कळतात, बोटीवर जीपीएस असतं, वारा नॉटमध्ये सांगितला तरी चालतो (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेच्या इशाऱ्याची खूण) लागला म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याच्या चित्रात बावट्याचा क्रमांक ठळक घाला.

घरच्या माणसाला अक्षांश निरुपयोगी. त्याच्यासाठी नकाशावर बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी, जंजिरा, हर्णेचा सुवर्णदुर्ग, मुंबई-गोवा महामार्ग एवढं असलं की तो आपलं घर बोटाने शोधतो. मी तर आता प्रत्येक नकाशात आपलं गाव आधी टाकते आणि मग वादळ. पूर्वी उलटं करायचे.

३. वेळ लिहिताना मराठी भाषा आपल्याला फसवते

बुलेटिनमध्ये वेळ बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०३०० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. हा सोपा भाग झाला.

अवघड भाग पुढे आहे. ‘मंगळवारी रात्री २ वाजता’ असं लिहिलं तर निम्मे लोक मंगळवारची रात्र उलटल्यावरचे दोन समजतात आणि निम्मे सोमवारची रात्र उलटल्यावरचे. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून मी ‘मंगळवारची रात्र उलटल्यावर, बुधवारी पहाटे २’ असं लांबलचक लिहिते. लांब झालं तरी चालेल.

‘उद्या’ हा शब्द चित्रात बंद. चित्र तीन दिवस फिरतं आणि प्रत्येक दिवशी ‘उद्या’ वेगळा असतो. ‘परवा’ तर त्याहून वाईट, आपल्याकडे तो पुढेही जातो आणि मागेही. वार, तारीख आणि प्रहर तिन्ही लिहा: ‘बुधवार, ३ जून, दुपारी’.

चित्राच्या माथ्यावर, सगळ्यात वर, दोन ओळी पाहिजेतच:

*माहिती दिली: मंगळवार, २ जून, संध्याकाळी ५.३०*
*या वेळेनंतर हे चित्र जुनं समजा: मंगळवार, २ जून, रात्री ९*

दुसरी ओळ कुणी लिहीत नाही, आणि म्हणूनच मागच्या वर्षीचे नकाशे दर वर्षी फिरतात. चक्रीवादळ झाल्यावर हवामान विभाग साधारण दर तीन तासांनी बुलेटिन देतो, किनाऱ्यावर येण्याच्या दिवशी तासातासाला. आपल्याला तेवढं झेपत नसेल तर तसं स्पष्ट लिहा: ‘पुढचं चित्र सकाळी ७ ला’. आणि मग सातलाच द्या, बदल नसला तरी.

४. रेघ, शंकू आणि पिसारा

हा भाग सावकाश वाचा. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

अधिकृत नकाशात वादळाचा पुढचा मार्ग एका रेघेने दाखवतात आणि तिच्याभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा शंकू असतो. हा शंकू सांगतो की वादळाचं *केंद्र* कुठून कुठपर्यंत कुठेही जाऊ शकतं. जितकं पुढचं सांगायचं तितकी चूक वाढते, म्हणून तो रुंदावतो.

लोक काय वाचतात? माझी आत्या शंकू बघून म्हणाली, “हा मोराचा पिसारा कसला? वादळ एवढं फुगणार?” म्हणजे तिला शंकू हा वादळाचा आकार वाटला. काकांना रेघ म्हणजे वादळाची वाट वाटली, एसटीच्या मार्गासारखी. रेघेवर गाव नाही म्हणजे गाडी आपल्याकडे थांबत नाही. तिसऱ्या एकाला वाटलं, शंकूच्या बाहेर सुरक्षित. तिघेही चुकले, पण दोष चित्राचा होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १३ ऑगस्ट २००४ ला अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चार्ली नावाचं हरिकेन आलं. रेघ टॅम्पा शहराकडे रोखलेली होती. वादळ त्याच्या बरंच दक्षिणेला पुंटा गोर्डाजवळ शिरलं. ती जागा शंकूच्या आत होती, इशाराही होता, पण लोकांची नजर रेघेला चिकटलेली. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र आपला शंकू असा आखतं की मागच्या पाच वर्षांच्या चुका पाहता केंद्र त्यात राहण्याची शक्यता साधारण तीनात दोन असते. म्हणजे तिसऱ्या खेपेला ते शंकूच्याही बाहेर जाऊ शकतं, आणि हे नकाशा बघून कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि तौक्ते तर आपल्या डोळ्यांसमोरचं. मे २०२१ मध्ये त्याची रेघ किनाऱ्याला समांतर समुद्रातून वर गेली आणि १७ मेच्या रात्री ते गुजरातमध्ये दीवच्या बाजूला जमिनीवर आलं. महाराष्ट्राचा किनारा त्याने ओलांडलाच नाही. तरी गोव्यापासून मुंबईपर्यंत झाडं, खांब, पत्रे गेले आणि मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून माणसं गेली. ‘आपल्याकडे येत नाही’ हे वाक्य त्या वेळी अक्षरशः खरं होतं आणि उपयोगाचं मुळीच नव्हतं.

मग करायचं काय? मी असं करते:

- घरच्या माणसाच्या चित्रातून मधली रेघ काढून टाकते. पूर्ण. डिझाइन करणाऱ्याला फार जड जातं, कारण रेघ सुंदर दिसते.
- शंकू ठेवलाच तर त्यावर आतच लिहिते: ‘केंद्र यात कुठेही जाऊ शकतं. वारा-पाऊस याच्या बाहेरही.’ खाली बारीक टीप नाही, शंकूच्या पोटात.
- शंकूऐवजी बहुधा किनाऱ्याची पट्टीच रंगवते. कोणत्या जिल्ह्यांना वाऱ्याचा इशारा आहे, एवढंच. समुद्र कोरा.
- भोवऱ्याचं फिरतं चिन्ह एका गावावर ठेवत नाही. ते बाणापेक्षाही जास्त चिकटतं.

वादळाची कोणती बाजू वाईट, हे मात्र दाखवण्यासारखं आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. अरबी समुद्रातून ईशान्येकडे येणारं वादळ कोकणात शिरलं की केंद्राच्या *दक्षिणेकडच्या* किनाऱ्यावर वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाणीही ढकलत आणतो. उत्तरेकडे तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. निसर्गच्या वेळी मुंबई उत्तरेला होती, आम्ही दक्षिणेला. म्हणून काकांचं ‘शंभर किलोमीटर लांब’ हे गणित दोनदा चुकलं. ओडिशाचं तयार चित्र उचलणाऱ्यांनी इथे सावध राहावं. तिकडे वादळ बहुतेकदा वायव्येकडे जात किनारा गाठतं, त्यामुळे धोक्याची बाजू उत्तरेची असते.

५. रंग: लाल तीन, अलर्ट दोन

हवामान विभागाच्या जिल्हावार इशाऱ्यात चार रंग असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग बदलू नका. तुमच्या फ्लेक्सला भगवा शोभतो म्हणून नारिंगीची छटा हलवू नका, आणि पाचवा जांभळा ‘अतिधोका’ शोधून काढू नका.

आता गोंधळ. या पद्धतीत ‘ऑरेंज अलर्ट’ म्हणतात. पण चक्रीवादळाच्या इशाऱ्यांचे टप्पे वेगळे आहेत. पहिला साधारण ७२ तास आधीचा पूर्वसूचनेचा. दुसरा, किमान ४८ तास आधीचा, ‘सायक्लोन अलर्ट’, आणि त्याचा रंग पिवळा. तिसरा, किमान २४ तास आधीचा, ‘सायक्लोन वॉर्निंग’, त्याचा रंग नारिंगी. चौथा, किमान १२ तास आधीचा, लाल. म्हणजे ‘अलर्ट’ एका ठिकाणी पिवळा आणि एका ठिकाणी नारिंगी. चौथ्या टप्प्याचं इंग्रजी नाव तर ‘वादळ जमिनीवर आल्यानंतरचा अंदाज’ असं आहे, पण तो दिला जातो वादळ येण्याआधी. एकाने त्याचं शब्दशः भाषांतर करून टाकलं आणि लोकांना वाटलं, आलं नि गेलं!

म्हणून माझ्या चित्रात ‘अलर्ट’ आणि ‘वॉर्निंग’ हे दोन्ही शब्द नसतात. रंग आणि क्रियापद असतं: ‘लाल: आजच घराचे पत्रे बांधून घ्या, किनाऱ्याजवळचे लोक हला’.

रंगाची दुसरी अडचण डोळ्यांची. लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारे पुरुष प्रत्येक गावात असतात, बऱ्याच जणांना स्वतःलाही माहीत नसतं. आणि तिसरी अडचण झेरॉक्सची. ग्रामपंचायतीत चित्र काळ्या-पांढऱ्यात छापलं की लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच काळपट होतात, पिवळा पांढरा पडतो. म्हणजे सगळ्यात धोक्याचा जिल्हा आणि इशारा नसलेला जिल्हा कागदावर जुळे भाऊ. उपाय साधा आहे. लाल भागावर तिरप्या जाड रेघा घाला, नारिंगीवर ठिपके, आणि प्रत्येक भागात रंगाचं नाव शब्दात लिहा. चित्र पाठवण्याआधी फोनवर एकदा काळं-पांढरं करून बघा. पाच सेकंदांचं काम आहे.

आणखी एक मोह आवरा. इशारा जिल्ह्याला असतो. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनही येतं आणि कर्जतही. ‘कर्जतला कशाला लाल’ म्हणून तुम्ही आपल्या मनाने तालुका पिवळा केलात, तर तो तुमचा अंदाज झाला, हवामान विभागाचा नव्हे. बुलेटिनमध्ये तालुका असेल तरच तालुका रंगवा.

६. आकड्याला घर द्या

‘वादळ ताशी १२ किलोमीटर वेगाने सरकत आहे’ हे वाक्य चित्रात आलं की हमखास कुणीतरी म्हणतं, “बारा? माझी सायकल जास्त जाते.” वादळाचा सरकण्याचा वेग आणि त्यातल्या वाऱ्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या माणसाच्या चित्रात पहिला घालूच नका. त्याऐवजी वेळ सांगा.

वाऱ्याचा आकडा एकटा काही बोलत नाही. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे ५० आणि १०० यांच्या पट्ट्या दुप्पट लांबीच्या काढल्या तर धोका कमी दिसतो. मी पट्ट्या काढतच नाही, परिणाम लिहिते. हवामान विभागाच्याच वर्गीकरणात प्रत्येक श्रेणीचं नुकसान दिलेलं असतं. ताशी ६२ ते ८८ किलोमीटरच्या चक्रीवादळात गवती छपरं आणि फांद्या जातात. ८९ ते ११७ च्या तीव्र चक्रीवादळात मोठी झाडं उन्मळतात, विजेच्या आणि फोनच्या तारा तुटतात. त्यापुढे कच्ची घरं पडतात आणि उडणारे पत्रे माणसाला कापतात. आमच्याकडे मी यात ‘सुपारी-नारळाच्या बागेत कुणी थांबू नये’ अशी ओळ जोडते.

पावसाचं तसंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. वर्तमानपत्रं मुसळधार, अतिमुसळधार अशी आपापली भाषा वापरतात, त्यामुळे शब्दाशेजारी आकडा द्या. आणि आकड्याला घर द्या: एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर २०० मिलिमीटर पडला तर साडेअठरा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. हे सांगितल्यावर आमच्या आळीतल्या लोकांनी पन्हळी साफ केल्या.

पाण्याच्या पातळीत फार मोठा खड्डा आहे. ‘भरतीच्या पातळीवर १ ते २ मीटर’ असा इशारा असतो. निसर्गच्या वेळी रायगड-मुंबईसाठी असाच होता. लोक ‘वर’ हा शब्द गाळतात आणि ‘दोन मीटर तर रोज भरती येते’ म्हणतात. इथे चित्र खरोखर उपयोगी पडतं. आपल्या जेटीच्या पायऱ्यांचा फोटो घ्या, नेहमीची भरती जिथे येते तिथे एक रेघ मारा आणि त्याच्या वर माणसाच्या उंचीएवढा बाण काढा. पाणी गावात कुठपर्यंत शिरेल ते आपण रंगवायचं नाही, ते आपल्याला ठरवता येत नाही. शेजारी भरतीची वेळ लिहा. उधाण (पुनव-अवसेची मोठी भरती) आहे की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), तेही लिहा. तिथीवरून किनाऱ्यावरचा माणूस बाकीचं ओळखतो. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. ‘पुनवेचं उधाण जवळ आहे’ एवढ्या ओळीने जे काम झालं असतं, ते माझ्या लाल रेघेने झालं नाही.

७. अक्षरं

हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून थोडक्यात आवरते. जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरू नका. मजकूर कॉपी केला की त्याची अगम्य चिन्हं होतात. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘चक्रीवादळ’मधला ‘क्र’ आणि ‘किनाऱ्या’मधला ‘ऱ्या’ डोळ्याने तपासा. दोन ओळींत जागा कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. आकडे एका चित्रात एकाच लिपीत. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ लांबून सारखे दिसतात, मिसळले तर ११० चं काहीही होतं.

शब्दांतही एक. प्रत्येक गोष्टीला ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणू नका. समुद्रात बनतं ते कमी दाबाचं क्षेत्र. पट्टा ही वेगळी, लांबट गोष्ट. आणि ‘शक्यता आहे’ हे आपल्याकडे ‘बहुतेक नाही होणार’ असं ऐकू येतं. तिथे ‘तयारी आजच संपवा’ लिहा.

८. फोन, भिंत आणि कान

व्हॉट्सअॅप चित्र दाबून छोटं करतं. रुंदी १०८० पिक्सेल ठेवा आणि पाठवण्याआधी स्वतःच्या दुसऱ्या फोनवर पाठवून, न मोठं करता वाचून बघा. वाचायला दोन बोटांनी ताणावं लागलं तर मजकूर जास्त झाला आहे.

चित्रासोबत तोच मजकूर टाइप करून द्या. आणि मराठीत व्हॉइस नोट. आमच्या गावात माझ्या सगळ्या चित्रांपेक्षा माझी चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट जास्त ऐकली गेली, हे मान्य करायला मला एक वर्ष लागलं.

निसर्गनंतर इथे वीज आणि फोनचे मनोरे बंद पडले, काही वाड्यांत कित्येक दिवस. वादळ लागल्यावर पाठवलेलं चित्र कुणालाच मिळत नाही. म्हणून शेवटचं महत्त्वाचं चित्र वारा सुरू होण्याआधी बाहेर पडलं पाहिजे, आणि कागदावर ग्रामपंचायत, रेशन दुकान, देऊळ, मशीद, जेटी इथे लागलं पाहिजे. त्यावर १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक, ११२, आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

याच शेवटच्या चित्रात एक ओळ ठळक हवी: ‘वारा अचानक थांबला तरी बाहेर पडू नका.’ केंद्र डोक्यावरून जाताना शांत होतं, मग वारा उलट्या दिशेने सुरू होतो. ज्या बाजूला आडोसा म्हणून माणूस बसलेला असतो, तीच बाजू उघडी पडते.

९. आत्याला दाखवा

चित्र झालं की ‘समजलं का?’ विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात. दहा सेकंद दाखवा, फोन उलटा ठेवा आणि तीन प्रश्न विचारा: कधी येणार? आपल्याकडे काय होणार? तू आता उठून काय करशील?

माझ्या आत्याने तौक्तेच्या पहिल्या चित्रावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, “बघू.” तेव्हा कळलं की मी तारीख, रंग, वारा सगळं दिलं होतं आणि काय करायचं तेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या चित्रावर ती म्हणाली, “पाण्याची टाकी भरते, बॅटरी चार्ज करते, गोठ्याचं दावं सैल करते.” दाव्याचं मी लिहिलं नव्हतं, ते तिचं तिने जोडलं. पुढच्या चित्रात मी ते घातलं.

१०. हंगामाआधी

अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम, पावसाळ्याआधी एप्रिल ते जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. निसर्ग आणि तौक्ते पहिल्यातली, २००९ चं फयान आणि २०१९ चं क्यार दुसऱ्यातली. दिवाळीच्या सुमारास लोक बेसावध असतात, तेव्हा दोन्ही हंगामांआधी नमुना तयार ठेवा: नकाशा, आपलं गाव, खुणा, क्रमांक हे सगळं भरलेलं. कोरं ठेवायचं ते फक्त तारीख, वेळ, रंग, भरती आणि तीन कृती.

त्याच नमुन्याच्या दहा प्रती छापून लॅमिनेट करून घ्या. वीज गेली, प्रिंटर बंद पडला तरी जिल्हा कक्षाला फोन लावून माहिती घेता येते आणि हाताने भरून भिंतीवर लावता येते. मार्कर पाण्याने न जाणारा घ्या. माझा पहिल्याच सरीत पुसला गेला होता, आणि जेटीवर दिवसभर एक कोरा नकाशा लटकत राहिला.